दोषरहित बटण क्रमांक एकेचाळीस

वीज माणसामाणसांत भेद करत नाही, असं शाळेत शिकवतात. शाळेत शिकवलेल्या इतर बऱ्याच गोष्टींप्रमाणे हेही खरं नाही. मी आमच्या कार्यालयात सव्वीस वर्षं काढली असून वीज हुद्दा बघून वागते, हे डोळ्यांनी पाहिलं आहे. मोठ्या साहेबांना तिने आजवर एकदाही शॉक दिलेला नाही (त्यांच्या खोलीतली बटणं शिपाई दाबतो, हा भाग वेगळा). चहाच्या खोलीतल्या मावशींना मात्र रोज सकाळी किटली सुरू करताना ती न चुकता झटका देत असे. हजेरीच्या बाबतीत एवढी नियमित व्यक्ती कार्यालयात दुसरी नव्हती.

अशात जुनी बटणं काढून नवी सुरक्षित बटणं बसवण्याचं परिपत्रक आलं. ते बारा पानी होतं. पहिली अकरा पानं विजेच्या धोक्यांबद्दल होती आणि बारावं पान आधीच्या अकरा पानांच्या प्रती कुणाकुणाला पाठवायच्या याबद्दल. बटणं बदलण्याचा विषय सातव्या पानावरच्या तळटीपेत आला होता. ज्या बटणाखाली जो कर्मचारी बसतो, त्याने त्या बटणासाठी लेखी अर्ज करावा, असं तिथे स्वच्छ लिहिलं होतं.

कार्यालयात एकूण एकेचाळीस बटणं. त्यांपैकी चाळिसांसाठी अर्ज आले. कारणं अशी : रंग पिवळा पडला आहे (तेवीस), दाबल्यावर फार आवाज होतो (नऊ), शेजारच्याने अर्ज केला आहे (आठ). शॉक बसतो, हे कारण एकाही अर्जात नव्हतं. एकेचाळिसावं बटण चहाच्या खोलीतलं. त्यासाठी अर्ज येणं शक्यच नव्हतं, कारण मावशी दिवसभर उभ्या असतात. त्या बटणाखाली बसत कुणीच नाही.

वायरमन भला माणूस. तो म्हणाला, "एकेचाळीस बटणं आणलीत मी. हेही लावून टाकतो की. अकरा मिनिटांचं काम आहे." त्याला तळटीप दाखवण्यात आली. उरलेलं नवं बटण 'नमुना' अशी चिठ्ठी लावून काचेच्या कपाटात ठेवलं आणि कपाटाला कुलूप घातलं.

तरीही आमचं कार्यालय निर्दयी नाही. मावशींची तोंडी तक्रार विशेष बाब म्हणून ऐकून घेऊन त्रिसदस्यीय समिती नेमली. हेडक्लार्क, भांडारपाल आणि अहवाल लिहायला मी. संशयित बटणाला हात लावण्यापूर्वी पूर्ण काळजी घ्यावी, असं परिपत्रकात म्हटलं होतं. त्याप्रमाणे आम्ही रबरी हातमोजे घातले, गमबूट चढवले, लाकडी पाटावर उभे राहिलो आणि पाळीपाळीने तीन-तीन वेळा बटण दाबलं. नऊपैकी एकाही वेळी शॉक बसला नाही. मी जागच्या जागी 'दोषरहित' असं लिहिलं.

"अहो, मोजे काढून दाबा की एकदा!" मावशी म्हणाल्या.

"वेड लागलंय का मावशी?" हेडक्लार्क दचकून म्हणाले. "शॉक बसेल ना!"

"मग ते मोजे तरी मला ठेवून जा."

"ते धोकादायक बटणांसाठी आहेत," भांडारपालांनी समजूत घातली. "हे आता सुरक्षित ठरलंय."

रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. पण मावशी हुशार. त्यांनी सुतळीने एक लाकडी फूटपट्टी बोर्डाशेजारी टांगली आणि पट्टीने बटण दाबायला सुरुवात केली. शॉकचं प्रमाण शंभर टक्क्यांवरून नऊ टक्क्यांवर आलं. (उरलेले नऊ टक्के म्हणजे पट्टी जागेवर नसायची ते दिवस. समास आखायला ती आम्हीच न्यायचो.) हेडक्लार्कनी याची नोंद कार्यालयाचा उपक्रम म्हणून वार्षिक अहवालात घेतली.

पुढे मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी आठ दिवस रजेवर गेल्या. बदली म्हणून त्यांची धाकटी जाऊ येणार होती. जाताना त्या मला म्हणाल्या, "भाऊ, तेवढं पट्टीचं तिला सांगा हं. विसरू नका."

मी हो म्हटलं. पहिल्या दिवशी कामाची गडबड होती, पट्टीही माझ्याच टेबलावर होती. म्हटलं, उद्या सांगू.

जावेने कप विसळले आणि ओल्या हातानेच बटण दाबलं. ती दारापर्यंत फेकली गेली. अठरा कप फुटले. लगेच चौकशी बसली. कपांची. हात ओला ठेवण्याचा लेखी आदेश नसताना तो ओला ठेवणं हा निष्काळजीपणा आहे, असा निष्कर्ष निघाला. बटण दोषरहित असल्याचा माझा अहवाल पुरावा म्हणून जोडला होता. ती भिंतीला टेकून, सुजलेल्या हाताला फुंकर घालत, "माझंच काहीतरी चुकलं असेल," असं सगळ्यांना सांगत होती. तेव्हा मला लाज वाटली. खरंच वाटली. पण अहवालात तिच्यासाठी रकाना नव्हता.

मावशी रजा अर्धी टाकून परत आल्या. किटली, साखरेचा डबा, नवे कप, गाळणं, सगळं उचललं आणि थेट साहेबांच्या टेबलावर मांडलं.

"हे काय मावशी?"

"इथलं बटण चांगलं आहे, साहेब. नवीन आहे."

साहेबांनाही हे नाकारता येईना. अकरा वाजता अठरा जण चहाला साहेबांच्या खोलीत जमले. कुणी फायलीवर कप ठेवला, कुणी खिडकीत बूड टेकलं, भांडारपालांनी सासूच्या गुडघ्यांची हकिकत सुरू केली. बारा वाजता काचेचं कपाट उघडलं. वायरमनला नऊच मिनिटं लागली. बटण बदलण्याचं नोंदलेलं कारण : साहेबांच्या एकाग्रतेस बाधा.

जुनं बटण भंगारात टाकता येईना, कारण त्याला दोषरहित असल्याचं प्रमाणपत्र होतं. तिसरी सही माझीच. तेव्हा ते प्रमाणपत्रासह विकून टाकण्यात आलं.

ते सध्या कुठे आहे, ठाऊक नाही. तुमच्या बाथरूमच्या बाहेरचं बटण अधूनमधून झिणझिण करत असेल, तर तेच असेल. घाबरू नका, ते तीन सह्यांनी निर्दोष ठरलेलं आहे. शिवाय चपला घालून, कोरड्या हाताने दाबा, असं तुम्ही घरात सगळ्यांना सांगून ठेवलंच आहे. भांडी घासायला येणाऱ्या बाईंना तेवढं सांगायचं राहिलंय ना? असू द्या. उद्या सांगा. मीही तेच ठरवलं होतं.