भरल्या डब्यांचा पूर

नियोजन या विषयात मला तोड नाही! हे मी म्हणत नाही. दुपारी जेवून आरामखुर्चीत पडलो की मला जी स्वप्नं पडतात, त्यातले लोक म्हणतात. त्या स्वप्नांत मी साकोलीला एक साहित्य संमेलन भरवलंय, कुस्त्यांची दंगल भरवलीय आणि नागझिऱ्याच्या वाघांसाठी नेत्रतपासणी शिबिरही घेतलंय. मंडप एकदाही पडला नाही. वाघांनी रांग मोडली नाही! माझी बायको हर्षा म्हणते, "तुमचं नियोजन डोये मिटले का सुरू, उघडले का बंद!" पण बायकोच्या बोलण्याकडे लक्ष देत बसलं तर माणसाच्या हातून मोठी कामं होत नाहीत.

तर मोठं काम चालून आलं ते गेल्या पुरात. माझी धुरपता मावशी दिघोरीच्या पुढे, नदीकाठच्या गावात राहते. पाणी चढायच्या आत सगळं गाव शाळेत हलवलं होतं, म्हणून माणसं आणि ढोरं वाचली. पाणी ओसरल्यावर लोक घरी आले तर भिंती जागेवर होत्या, पण चुलीच्या जागी चिखल होता. मी फोन केला.

"जय भीम मावशी! मदत पोचली का? तांदूळ-गिंदूळ?"

"जय भीम बेटा. तांदूळ भेटला, दाळ भेटली, तेलाची थैली भेटली. पन शिजवू कायच्यात? माहा गंज वाहून गेला, तवा गेला, पान्याचा गुंड गेला. साऱ्या मोहल्ल्यात एकच गंज वाचला. तो या घरून त्या घरी फिरून राहिला. आमची पाळी दिवस कलल्यावर येते."

गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं, आणि गुंड म्हणजे कळशी. शाळेत असताना मी मावशीकडे राहिलो होतो. तिच्या त्या गंजातला, तळाला किंचित लागलेला भात खाऊन मी मोठा झालो. आणि आता मावशी दिवस कलेपर्यंत उपाशी? मला राहवलं नाही. आणि राहवलं नाही की माझ्या तोंडून शब्द जातो!

"मावशी, रविवारी तुमच्या मोहल्ल्यात घरागणिक नवा गंज अन् नवा तवा घेऊन येतो! मनिषचा शब्द आहे!"

पलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशीनं फोन स्पीकरवर ठेवला होता. सगळा मोहल्ला ऐकत होता!

भांड्यांचे दुकानदार केवळराम यांनी गंज-तवे लगेच बांधून बाजूला ठेवले. "समाजसेवेले आपला पाठिंबा आहे मनिषभाऊ," ते म्हणाले. "नगदी आना अन् घेऊन जा." नगदी आणायचं माझं नियोजन तयारच होतं. मदतीचं जेवण! वस्तीतल्या बायांनी स्वयंपाक करायचा, लोकांनी पैसे देऊन जेवायचं.

विहारात बैठक घेतली. भैय्यालाल काका आमच्या वस्तीतले सगळ्यात वडीलधारे. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे लोकायले जेवू घालाचं, अन् मंग पैसे मांगाचे?"

"हो काका. चांगल्या कामासाठी."

"अन्नाचे पैसे? आपल्या वस्तीत?"

काकांचा मुद्दा बिनतोड होता. जिल्हा फुटला तेव्हा आमचे निम्मे पाहुणे गोंदिया जिल्ह्यात गेले, निम्मे भंडाऱ्यात राहिले. पण पंगतीचा कायदा दोन्हीकडे तोच राहिला. जेवू घालावं, हात जोडावे, मागू नये. पण नियोजनकार डगमगत नसतो! मी म्हटलं, पंगत नकोच. घरोघरी डबे पाठवू. लोक जेवतील आणि परत करताना डब्यात आपल्या मनानं काय ती मदत घालतील. तोंडानं 'पैसे' म्हणायचंच नाही. समजदाराला इशारा पुरे!

"हे बराबर आहे," काका म्हणाले. मला त्या 'बराबर'चा फार आनंद झाला. तिथंच शंका यायला हवी होती.

बचत गटाच्या ललिताबाईंकडे स्टीलच्या डब्यांची चळतच्या चळत होती. रविवारी सकाळी विहाराच्या अंगणात मसालेभात शिजला, वांग्याच्या भाजीवर लाल तर्री चढली. विनोदचा टेम्पो भोंगा लावून निघाला. "पूरग्रस्तायच्या मदतीसाठी डबा घ्या! जेवा! अन् डबा परत देताना आपल्या मनानं मदत घाला!"

मी अंगणात खुर्ची टाकली. ऊन कोवळं होतं, वारा मंद होता, मसालेभाताचा वास अजून अंगणात रेंगाळत होता. डोळे आपोआप मिटले. मला मावशीचं गाव दिसलं. नदी एखाद्या शहाण्या गाईसारखी खाली बसली होती. घराघरातून धूर निघत होता, निळा, सरळ, आणि प्रत्येक चुलीवर नवा गंज रटरटत होता. मी नुसता गल्लीतून चालत होतो. कोणी हार घालत नव्हतं, भाषण नव्हतं. प्रत्येक दारातून फक्त भाताचा वास येत होता. इतकं सुंदर स्वप्न मला वाघांचंही पडलं नव्हतं.

"मनिषभाऊ, पयला डबा आला!"

मी दचकून उठलो. डबा हातात घेतला. जड होता! म्हटलं, चिल्लर घातली वाटतं. गोरगरिबांची मदत चिल्लरच असते, पण मनाची असते! गहिवरून झाकण उघडलं.

आत सांबारवड्या होत्या, म्हणजे आमच्याकडच्या कोथिंबीरवड्या. गरमागरम!

दुसरा डबा उघडला, त्यात पुरणपोळ्या. तिसऱ्यात मुगाचे वडे. चौथ्यात दहीभात, वरून मिरचीची फोडणी! विनोद टेम्पोतून एकेक डबा उतरवत होता आणि मी एकेक झाकण उघडत होतो. नोट नाही, नाणं नाही, नुसतं अन्न!

"ललिताबाई! हे काय आहे?"

"काय म्हणजे? सांबारवडी आहे. सत्यभामाबाईच्या हातची हाय, चांगली राहते."

"पण पैसे? मदत पैशांची पाहिजे होती ना!"

"तुमी पैसे म्हनले कवा? मदत म्हनले! अन् रिकामा डबा कोनती बाई परत धाडीन? शेजारच्या घरून वाटीभर भाजी आली तं ते वाटी आपन रिकामी देतो का? तुमच्या घरी देतेत का हर्षाबाई?"

आमच्या घरी कधीच देत नाहीत. कढीची वाटी आली तर लाडू घालून जाते. हे मला जन्मापासून माहीत होतं! पण नियोजनाच्या वेळी माझे डोळे मिटलेले असतात.

"बरं," मी म्हटलं. "डबे रिकामे करा आणि परत घरोघरी पाठवा. या खेपेला स्पष्ट सांगायचं: पैसे घाला."

ललिताबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "रिकामा डबा घेऊन दारात उभं राहू? लोक काय म्हनतीन?"

"मग?"

"भरून नेऊ."

आणि भरले की हो! सत्यभामाबाईंच्या सांबारवड्या रेल्वे फाटकाकडच्या गल्लीत गेल्या, तिकडच्या पुरणपोळ्या इकडच्या गल्लीत आल्या. दारादारात सांगायचं काम विनोदकडे होतं. विनोद टेम्पो चालवताना सिंह असतो, पण दारात बाई माणूस दिसली की त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. तो डबा ठेवायचा आणि कान लाल करून पळायचा.

घराघरात खळबळ माजली. दुसऱ्यांदा डबा आला! मालनबाई तर स्वतःच आल्या, दोन नातवांच्या हाती खिरीचा भलामोठा पितळी गंज देऊन.

"मनिषभाऊ, तुमी दोन डाव धाडलं अन् आमी एकच डाव भरला! डबा लहान पडते म्हणून गंजातच आनली. कमी आहे का?"

"कमी नाही हो मालनबाई, जास्त..."

"जास्त कायचं? अजून आनते!"

त्यांना पाहून समोरची बाई गुंड भरून ताक घेऊन आली. तिला पाहून तिची जाऊ परातभर पुऱ्या घेऊन आली. दुपार झाली तशी अन्नाची पातळी वाढू लागली. सतरंजी बुडाली. विहाराची पहिली पायरी बुडाली. दुसऱ्या पायरीवर कढी आली! पितळेचे गंज उन्हात सोन्यासारखे चमकत होते, वाफा उठत होत्या. मला खरंच कळेना, मी जागा आहे की खुर्चीत आहे. स्वतःला चिमटा काढला तर बोटाला शिरा लागला होता.

इतक्यात केवळराम स्कूटरवरून नगदी न्यायला आले. आलेल्या माणसाला उभ्यानं परत कसं पाठवणार? ते बसले. जेवले. ढेकर दिली. मग म्हणाले, "नगदी?" मी खाली पाहिलं. त्यांनी मान हलवली, गंज-तवे सोमवारी परत मांडणीवर लावतो म्हणाले आणि निघाले. ललिताबाईंनी त्यांच्या हातात घरच्यांसाठी डबा दिला. अर्ध्या तासात त्यांच्या बायकोनं गुळाची बुंदी पाठवली, दुकानातल्या कोऱ्या गंजात!

आणि फोन वाजला. "मनिष बेटा, निघाला का? सारेजन रस्त्यावर उभे आहेत. मी सांगितलं, माहा मनिष आला का आज कोनाची पाळी राहनार नाही."

मी फोन कानाला लावून उभा राहिलो. काय सांगू? की मावशी, तुझा मनिष अन्नात बुडाला, पण तुला शिजवायला भांडं नाही? डोळे भरून आले. या खेपेला मिटले तरी काही दिसेना.

हर्षानं फोन माझ्या हातातून घेतला. "निघालो मावशी," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "पाहून काय राहिले? संध्याकाळपर्यंत हे सारं आंबून जाईन. भरा टेम्पोत!"

भरलं! गंज, गुंड, पराती, डबे, वर कापडं झाकली. मी मागे कढी धरून बसलो. धानाच्या बांध्यांमधून टेम्पो निघाला. काही बांध्या हिरव्या होत्या, पुढे पुढे सगळ्या मातकट, आडव्या झालेल्या.

गावात रस्त्याच्या कडेला लोक उभे होते. शाळेच्या वऱ्हांड्यात पंगत बसली. लेकरं दोन्ही हातांनी पुऱ्या खात होती. म्हातारे खिरीचे भुरके मारत होते. कोणीही गंजांचं विचारलं नाही, म्हणून मला जास्तच लाज वाटली.

"मावशी, मी शब्द दिला होता..."

मावशी माझ्याकडे पाहतच नव्हती. ती पाहत होती मालनबाईंच्या गंजाकडे. खीर संपली होती. तिनं तो बोटानं वाजवून पाहिला, तळ निरखला, कडेवर कोरलेलं नाव वाचलं.

"चांगला जाड आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "पन हे भांडे आता रिकामे कसे परत देऊ बेटा? घरात भराले काहीच नाही."

वऱ्हांड्यातल्या सगळ्या बायांनी माना खाली घातल्या. आणि माझ्या डोक्यात, अगदी उघड्या डोळ्यांनी, लख्ख उजेड पडला!

"कोण म्हणतं आज द्या? ठेवून घ्या! जेव्हा भरता येईल तेव्हा द्या!"

मावशीनं गंज उचलून कडेवर घेतला, लेकरासारखा. त्या संध्याकाळी प्रत्येक घरात एकेक भांडं गेलं. विनोदचा टेम्पो रिकामा परतला आणि मी सबंध वाट जागा होतो.

सोमवारी साकोलीत हाहाकार! ललिताबाईंच्या घरी चहा कुकरमध्ये झाला. सत्यभामाबाईंनी दूध बादलीत तापवलं. आमच्याकडे फोडणीच्या कढल्यात केलेल्या चहाला जिऱ्याचा वास, कारण हर्षाची बाकी सगळी भांडी गेली होती, अगदी तिच्या माहेरचा गंजसुद्धा! बाया माझ्या दारात आल्या. मी खुर्चीमागे उभा राहून सगळं सांगितलं.

मग मालनबाईंनी विचारलं, "म्हणजे माह्या गंजात त्यायच्याइथं भात शिजून राहिला का?"

"हो."

"मंग ठीक आहे. पन भरून धाडतीन ना?"

"भरूनच धाडतीन."

"मंग घाई करू नका म्हना," मालनबाई म्हणाल्या, आणि सगळ्या घरी गेल्या.

पुरानं धान नेलं, पण गाळ ठेवून गेला. त्या गाळावर लाखोळीची डाळ अशी पिकली की तशी मावशीच्या गावानं कधी पाहिली नव्हती. माघात विनोदचा टेम्पो विहारासमोर येऊन थांबला. मावशी स्वतः उतरली. एकेक भांडं खाली आलं, घासून लख्ख, काठोकाठ लाखोळीच्या डाळीनं भरलेलं. कोरलेली नावं वाचत मावशी ज्याचं त्याला देत गेली. मालनबाई गंज घेताना रडल्या आणि म्हणाल्या, जिन्याखालची धूळ गेली डोळ्यात. विहाराला जिनाच नाही!

सगळ्यात शेवटी मावशीनं फडक्यात बांधलेला कोरा करकरीत गंज काढला. कडेवर नाव होतं, 'धुरपता'. आत लाखोळीचे वडे.

"बेटा, तू नवा गंज आनतो म्हनला होता ना? मीच घेतला."

आता हा गंज रिकामा परत करायचा? मी खुर्चीत बसून नियोजन सुरू केलं. पहिल्या टप्प्यात अनारसे, दुसऱ्या टप्प्यात...

"उठा!" हर्षा म्हणाली. "मी भरून देते. तुमी फक्त न्या. अन् बसमंदी झोपू नका!"

झोपलो नाही. गंज मांडीवर घेऊन नेला, मावशीच्या हातात दिला. तिनं अनारसे काढून घेतले, गंज घासला आणि मी निघताना पुन्हा माझ्या हातात ठेवला. वांग्यांनी भरून! "एवढ्या दूरून आला, रिकाम्या हातानं जाशील का?"

मी पुन्हा नेला. पुन्हा पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा भरून आला. सध्या तो आमच्या ओट्यावर आहे आणि हर्षा त्यात काय भरावं याचा विचार करते आहे. म्हणजे नीट पाहिलं तर मावशीकडे आजही गंज नाही! पूर ओसरून वर्ष होत आलं. दिलेला शब्द मी अजून पोचवतोच आहे!