लिंबाच्या जागी समुद्र

माझ्या लेकीच्या, लुंबिनीच्या लातुरातल्या शाळेतलं कडुलिंबाचं झाड ‘विनापरवाना पालापाचोळा निर्माण करणे’ या कारणास्तव तोडण्यात आलं. गाड्यांवर पानं पडतात, अशी तक्रार पालकांच्या ग्रुपवर आली होती. झाडाला बाजू मांडायची संधी दिली गेली. ते काही बोललं नाही. मग मोठ्या गटाची प्रार्थना उन्हात होऊ लागली, आणि लुंबिनीच्या मानेवर घामोळ्या उठल्या.

मी मुख्याध्यापक ईश्वरप्पा सरांना भेटले. म्हटलं, "सर, लेकरांना थोडी सावली पाहिजे."

"मॅडम, सावली ही जुनी पद्धत झाली," सर समजुतीनं म्हणाले. "ती सरकते. सकाळी इकडं, दुपारी तिकडं. शिस्त न्हाई तिला. आपण आता वैयक्तिक सावलीकडं चाललोय."

वैयक्तिक सावली म्हणजे सनस्क्रीनची एक निळी ट्यूब, रोज तोंडाला फासून यायची. तिच्यावर छापलं होतं: खोल समुद्रातील नैसर्गिक खनिज जल, सागरी शेवाळाचा अर्क. खाली बारीक अक्षरांत: दररोज सायंकाळी भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावे.

सासूबाईंनी ट्यूब उलटीपालटी करून पाहिली. "नळाला पाणी न्हाई आन् तोंडाला समुद्र! लई शिकले बाई लोक."

आमच्याकडं नळ पाहुण्यासारखा येतो, न सांगता, आणि चहा व्हायच्या आत जातो. आला की शेजारच्या हसीना भाभी गच्चीवरून "नळ आला गेऽऽ" ओरडतात आणि अख्खी गल्ली हातातलं काम टाकून घागरींकडं धावते. त्या पाण्यानं समुद्र धुऊन काढायची घरात कुणाची छाती नव्हती. मी ओल्या फडक्यानं पुसायचे. तरी कालच्या थरावर आजचा थर चढत गेला. लुंबिनी हसली की गालाला भेगा पडू लागल्या. एकदा रिक्षावाल्या मामांनी पोर दारात उतरवली, मी मांडीवर घेऊन वरणभात भरवला, पापा घेतला, तेव्हा ती म्हणाली, "अम्मी कुठंय?" ती भाभींची जेबा होती. भाभींकडं आमची लुंबिनी शीरखुर्म्याची दुसरी वाटी मागत होती.

मुलं आता सुरक्षित झाल्यामुळे प्रार्थनेला पाहुण्यांचं भाषण जोडण्यात आलं. मग पंख्यांची वीज वाचावी म्हणून चित्रकलाही मैदानावर आली. ट्यूब न लावणाऱ्यांना शिक्षा म्हणून उन्हात उभं करायचं ठरलं. पण उन्हात सगळेच असल्यामुळे त्यांना वर्गात बसवावं लागलं, आणि सरांनी ती शिक्षा घाईनं मागं घेतली.

पालकसभेला आमच्यासाठी मंडप होता, कारण पालकांना ट्यूब सक्तीची नव्हती. समोर लेकरं स्वागतगीत म्हणत होती. दुसऱ्या कडव्याला लुंबिनी झुलायला लागली. चालीवर नव्हे. मी खुर्ची सोडून धावले आणि तिच्या शेजारी उभी राहिले. ती हळूच माझ्या सावलीत सरकली.

"आई, हलू नको हं. इथं गार हाय."

तिच्या मागं जेबा शिरली. मग भाभी उठल्या, "मेरे पीछे आओ रे बच्चों!" करत. मग एकेक करत सगळ्या आया. बाप लोक मंडपातून फोटो काढत राहिले.

ईश्वरप्पा सर भारावून माइकवर आले. "बघा! नैसर्गिक, स्थानिक, आणि पालापाचोळा शून्य!"

तेव्हापासून सावली द्यायला उभं राहायची आम्हा आयांची पाळी लागते. पुढल्या वर्षी प्रवेशाच्या वेळी आईची उंची मोजणार आहेत. बुटक्या आयांनी आत्या आणावी. आया उन्हात असल्यामुळे निळी ट्यूब आता आयांना सक्तीची आहे. बाबांना नोकरीमुळे सूट.

हे मी मैदानावर उभ्या उभ्याच फोनवर लिहितेय, मान न हलवता. माझ्या सावलीत दोन पोरी चित्र काढत बसल्या आहेत. दोघींनीही झाडच काढलंय.

झाडाच्या तक्रारीखाली ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली होती. न वाचताच दिलेले असणार, स्वयंपाक करता करता, गाडी पुसता पुसता. तुमच्याही ग्रुपवर आज तसं काहीतरी आलंच असेल. अंगठा द्यायच्या आधी एवढं करा, तुमची उंची मोजून घ्या.