नदीकाठच्या शेताला मिळालेले संरक्षण

नदी स्वच्छ राहण्यासाठी ती कोणत्या तरी खात्याच्या अखत्यारीत असावी लागते, हे सुज्ञांना पटवून द्यायला नको. शहराची नदी आमच्या खात्याच्या अखत्यारीत आहे. (नदीला अद्याप कळवलेले नाही.)

पाहणीत आढळले की शहराच्या वरच्या अंगाला, दोघी जावांच्या शेतापाशी, पाणी नितळ आहे. जावा काठाला गवताचा रुंद पट्टा राखत, बांध धड ठेवत. त्यामुळे माती आणि खत वाहून नदीत जात नसे. एरवी त्यांचे एकमेकींशी पटत नसे, पण शेत विकण्याचा विषय निघाला की दोघी एका सुरात नाही म्हणत.

आमचे साहेब जातीने गेले. "ताई, तुमचं शेत आम्ही वाचवणार."

"कोणापासून?" धाकटीने विचारले.

साहेबांनी हा प्रश्न समितीकडे पाठवला.

समितीने कामाचा धडाका लावला. वाचवायचे म्हणजे कुंपण आले. कुंपणाला पहारेकरी, पहारेकऱ्याला खोली, खोलीपर्यंत रस्ता. रस्ता झाल्यावर पाहुणे येणारच, म्हणून गाड्यांसाठी फरसबंदी (गवताचा पट्टा आयताच सपाट मिळाला), आणि पाहुण्यांना शेतीचे महत्त्व कळावे म्हणून सभागृह. नांगरटीने सभागृहाच्या पायाला धोका आहे, असे अभियंत्यांनी सांगताच नांगरट बंद झाली.

पेरणीच्या दिवसांत थोरली बियाण्याची पाटी घेऊन फाटकाशी आली.

"मावशी, आत जाता येणार नाही," पहारेकरी म्हणाला. "शेत संरक्षित आहे."

"अरे, माझंच शेत आहे ते!"

"म्हणून तर वाचवलंय."

थोरलीने तिथेच फतकल मारली. तिला हुंदका आवरेना. धाकटी येऊन शेजारी बसली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिने जावेचा हात हातात घेतला. (एकोपा वाढवण्यातही खात्याला असे यश आले.)

मग खात्याने दोघींना सभागृहात माहिती सांगण्याची नोकरी देऊ केली. थोरली गाव सोडून लेकीकडे गेली. धाकटी नोकरीला राहिली. "निदान माती तरी दिसेल," म्हणाली. तिच्या खिडकीतून गाड्या दिसतात.

नदी आता तिथेही गढूळ आहे. नळाला तसेच पाणी येते, अशा तक्रारीचा आपला फोन रोज येतो. खाते आभारी आहे. या कामाआधी आम्ही नागरिकांच्या हरकती रीतसर मागवल्या होत्या. एकही आली नाही. आपली राहिली असेल म्हणून आम्ही पुन्हा शोधून पाहिले.