पुस्तकातली लांब रोटी

शिकायचं तर छापील पुस्तकातून, असं माझं ठाम मत! हार्मोनियम मी पुस्तकातूनच शिकलो. ती वाजत नाही, हा हार्मोनियमचा दोष!

त्या साली माझ्या बायकोला, छायाला, दिवस गेले होते आणि तिच्या पोटात काहीच टिकत नव्हतं. भाताची पेजसुद्धा उलटून पडे. डॉक्टरीणबाई दर वेळी वजन पाहून गोळ्या बदलायच्या. माझी झोप उडाली होती.

आणि एका सकाळी ती म्हणाली, "मले लांब रोटी खावीशी वाटून राह्यली."

मी नाचायचाच बाकी राहिलो! शेजारच्या कौशल्याबाई लगेच म्हणाल्या, "मी देतो नं करून."

"नको काकू, माझ्याकडे पुस्तक आहे!"

लांब रोटी हातावर ताणून पालथ्या मडक्यावर भाजतात, म्हणून मडकं आणलं, अंगणातल्या चुलीवर पालथं घातलं. पुस्तकात लिहिलं होतं : 'कणीक भरपूर सैल भिजवावी, बेताने ताणावी.' भरपूर म्हणजे किती? बेताने म्हणजे किती? पहिली रोटी थेट चुलीत गेली. दुसरी चपलेवर.

समोरचा पियुष कुंपणावरून ओरडला, "भाऊ, वाचून रोटी येते काय? सीडी पाह्य!"

आमच्या पिपरी मेघे गावात तेव्हा सीडी प्लेअर त्याच्याकडेच. त्याने तो आणि लांब रोटीची सीडी आणली, आमचा टीव्ही स्टुलावर बसवून अंगणात काढला. क्रिकेटची मॅच असावी तशी गल्ली जमली. पडद्यावरच्या बाईंनी कणीक हातावर घेतली, मीही घेतली. त्यांनी ताणली, मीही ताणली. त्या म्हणाल्या, "आणि आता लगेच..."

लाइट गेले. भारनियमन!

"लगेच काय?" मी किंचाळलो. कणीक मनगटावरून कोपरावर, कोपरावरून लुंगीवर!

"पुस्तक वाच रे पियुष!"

"भाऊ, इथं 'पुढील कृती आकृतीप्रमाणे' लिवलं हाये. आकृतीत नुसता काळा डाग दिसून राह्यला!"

शेवटी डोळे मिटून फेकली. अर्धी मडक्यावर, अर्धी पियुषच्या डोक्यावर.

दारात हसण्याचा आवाज आला. छाया! दोन्ही हातांनी पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. कित्येक आठवड्यांनी तिला हसताना पाहिलं. ती येऊन चुलीपाशी बसली, मडक्यावरचा तुकडा काढून तोंडात टाकला. सगळी गल्ली श्वास रोखून उभी. तुकडा पोटात राहिला! तिने दुसरा घेतला. माझे डोळे भरून आले. धुराने, असं मी सगळ्यांना सांगितलं.

पुस्तक लिहिणाऱ्याचे, सीडीतल्या बाईंचे, पियुषचे, अगदी लाइट घालवणाऱ्यांचेही मी मनोमन पाय धरले. मग छाती फुगवून विचारलं, "कशी झाली?"

"करपली हाये," छाया म्हणाली. "पण लय दिवसानं भूक लागली मले. काकू, तुमच्या घरी भात हाये का वं?"