साहेबांची अकरा वर्षांची सिगार

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मला सगळं येतं! फक्त 'येत नाही' एवढं म्हणता येत नाही. त्यामुळं आमचे मोठे साहेब निवृत्तीच्या आठवडाभर आधी टपाल विभागात डोकावले आणि म्हणाले, "काय हो, सिगारमधलं कुणाला काही कळतं का इथं?" तेव्हा माझं तोंड माझ्या आधी बोललं, "मला कळतं की, साहेब!"

वास्तविक टोस्ट करपला तरी मला ठसका लागतो.

साहेबांनी एक लाकडी पेटी माझ्यासमोर ठेवली. आत एकच सिगार. तपकिरी, तुकतुकीत, कमरेला सोनेरी कागदी पट्टी. एखादा संस्थानिक दुपारची झोप घेत असावा तशी!

"मित्रानं दिलेली," साहेब म्हणाले. "आता तो नाही. वाळू नये म्हणून अकरा वर्षं दर सोमवारी पेटीतला स्पंज ओला करतोय. शेवटच्या दिवशी गच्चीवर सगळ्यांबरोबर ओढायची असं ठरवलंय. पण कापायची कशी, पेटवायची कशी, कशाचाच पत्ता नाही. तुम्ही कराल?"

मी थक्क झालो. अकरा वर्षं! माझ्या हाती कुंडीतलं रोप अकरा दिवस टिकत नाही! अशा माणसाला नाही कोण म्हणणार?

संध्याकाळी सिगारचं दुकान गाठलं. काउंटरमागं माझ्या आईच्या वयाच्या बाई होत्या, चष्मा नाकाच्या टोकावर.

"पहिल्यांदाच?"

"छे छे! जरा उजळणी करायचीय."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी आपोआप सरळ उभा राहिलो. मग मखमलीवर एकेक वस्तू मांडली. दुहेरी पात्याचा कटर. वीतभर लांब काड्या. सिगार टेकवायला खाच असलेला ॲशट्रे, तोही असा वजनदार की चोर आला तर उपयोगी पडावा!

"हे गोल टोक म्हणजे डोकं," बाई एक सिगार हातात धरून म्हणाल्या. "नुसती टोपी उतरवायची. मान कापायची नाही. दुसऱ्या टोकाला ज्योत लांबूनच दाखवायची, फिरवत फिरवत. आणि धूर तोंडात घोळवून सोडून द्यायचा. गिळलात, तर मला दोष द्यायचा नाही."

ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरच्या थाटात सगळं सामान घेऊन मी घरी आलो आणि गाजरांवर सराव सुरू केला. सात गाजरं कापली. एकाचीही मान गेली नाही!

"एवढ्या बारीक चकत्या? सूप करायचंय का?" बायकोनं विचारलं.

"कला आहे ही!" मी म्हणालो.

शेवटचा दिवस उजाडला. गच्चीवर चाळीस माणसं. साहेबांनी दोन्ही हातांनी सिगार माझ्या हाती दिली आणि ते लांब कठड्यापाशी जाऊन उभे राहिले. मी सगळ्यांकडं पाठ करून कटर लावला. अगदी टोपीवर, केसभरही इकडं तिकडं नाही. आणि नेमक्या त्याच क्षणी कुणीतरी उत्साहानं टाळ्या सुरू केल्या! मी दचकलो.

कच्च!

टोपी गेली, मान गेली, खांद्याचाही थोडा भाग गेला. आणि वर गुंडाळलेलं तंबाखूचं पान बँडेजसारखं भराभरा सुटायला लागलं!

"झालं का?" दूर उभ्या साहेबांनी विचारलं.

"वारा फार आहे, साहेब! आत जाऊन तयारी करून आणतो!"

मी जिने उतरून टपाल विभागात घुसलो. मागोमाग माझ्या शेजारच्या टेबलावरच्या टायपिस्ट बाई. माझ्या शेजारीच उभ्या असल्यामुळं त्यांनी सगळं पाहिलं होतं.

"बाई, मेलो मी! त्यांच्या मित्राची शेवटची आठवण आहे हो ती!"

"रडू नका. धरा घट्ट," त्या म्हणाल्या. पाकिटांच्या डिंकाची बाटली उघडली, करंगळीनं एक थेंब लावला आणि ते पान अशा हळुवारपणे गुंडाळलं, की जणू तान्ह्या बाळालाच दुपट्यात गुंडाळतायत! सांध्यावर सोनेरी पट्टी सरकवली. जादूच! वीस वर्षं आम्ही एकमेकांशेजारी बसतोय, आणि या बाईंच्या बोटांकडं मी कधी पाहिलंच नव्हतं.

वर आलो. ज्योत दाखवली, फिरवत फिरवत. साहेबांनी पहिला झुरका घेतला. निळसर धूर वर चढला, थबकला, उलगडला. साहेबांनी डोळे मिटले. त्या रुक्ष, शेरे मारणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर एक विशीतला पोरगा उमटला हो! चाळीस माणसं श्वास रोखून पाहत होती.

"तो म्हणायचा," साहेब हळूच बोलले, "ही एकट्यानं ओढायची नसते." आणि सिगार माझ्यापुढं धरली. "घ्या. माझ्यानंतर पहिला मान जाणकाराचा."

मी भारावलो होतो. इतका, की तोंडात घोळवायचा धूर सरळ पोटापर्यंत नेला.

गच्ची एकदा डावीकडं गेली, एकदा उजवीकडं, आणि मग सरळ माझ्या अंगावर आली.

शुद्धीवर आलो तेव्हा मी साहेबांच्या केबिनमधल्या सोफ्यावर होतो. टायपिस्ट बाई फाइलनं वारा घालत होत्या. भोवती सगळं ऑफिस. आणि साहेब माझा हात हातात घेऊन डोळे पुसत होते!

"मी जाणार म्हणून एवढा धक्का?" साहेबांनी विचारलं. "इतका जीव लावलात मला?"

मी टायपिस्ट बाईंकडं पाहिलं. त्या एकदम खिडकीबाहेर पाहायला लागल्या. आता सांगा, अशा वेळी माणसानं काय म्हणावं? मी नुसती मान हलवली.

"मुख्य कार्यालय आणखी दोन वर्षं थांबा म्हणून मागं लागलंय. मी नाही म्हणत होतो," साहेब उठून उभे राहिले. "पण ही माया सोडून कसा जाऊ? थांबतो!"

आमचे उपसाहेब तेव्हा दारात उभे होते. केबिनच्या नव्या पडद्यांचं माप घ्यायला आले होते, हातात टेप तशीच. ते आजतागायत माझ्याशी बोललेले नाहीत.