हेल्दुरच्या पत्त्याचा पुरावा

फॉर्म भरावा तर हेल्दुरनंच! सोळा वर्षं तो फिनलंडमध्ये छपरं घालायला जात होता आणि एस्टोनियाला परतणाऱ्या बोटीवरचे निम्मे सुतार आपले कागद त्याच्याकडूनच भरून घेत. त्यामुळे छपरावरून पडून कंबर कायमची गेली, तेव्हाही तो डगमगला नाही.

"दोन्हीकडं अर्ज ठोकतो," तो बायकोला, माइमूला म्हणाला. "तिकडं लिहितो, मी तिकडंच राहतो. इकडं लिहितो, इकडंच. एक तरी अपंग-पेन्शन देईलच!"

"आणि दोघं एकमेकांशी बोलले तर?"

"सरकारं कधी बोलतात का गं!"

सरकारं बोलली. पोटभर बोलली! फिनलंडनं कळवलं, तुमचं घर एस्टोनियात, तिकडं मागा. एस्टोनियानं कळवलं, तुम्ही फिनलंडचे, तिकडं मागा. चार महिने असेच गेले. हेल्दुरला सॉनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीची, लाकडंही उचलवेनात. साठीतली माइमू मासळीच्या कारखान्यात जाऊ लागली. घरी आली की ती बुटांसकट पलंगावर पडायची आणि हेल्दुर भिंतीकडं तोंड करायचा. त्याला स्वतःची लाज वाटायची.

शेवटी इकडच्या कार्यालयातली मुलगी फोनवर म्हणाली, "काका, तुम्ही कायमचे इथलेच आहात, याचा काहीतरी पुरावा पाठवा ना."

हेल्दुरची कळी खुलली. गावच्या दफनभूमीत आईबापाशेजारी त्याची जागा राखलेली होती. दगडावर त्याचं नावही होतं, कारण कोरणाऱ्यानं तिसऱ्या नावावर सवलत दिली होती! मरणाचं साल तेवढं कोरं होतं. माइमू दर शनिवारी तिथल्या वाळूवर दाताळं फिरवून ती नीटनेटकी करून यायची.

"यापेक्षा कायमचं काय असतं?" म्हणत त्यानं दगडाचा फोटो पाठवला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं, माइमूच्या नावानं. तिनं ते वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"मंजूर झालं."

"बघ! म्हटलं नव्हतं? अपंग-पेन्शन!"

"विधवा-पेन्शन."

हेल्दुर पेन शोधू लागला. "मी जिवंत आहे म्हणून कळवायला हवं. भरतो फॉर्म."

माइमूनं पेन उचलून एप्रनच्या खिशात टाकलं. "तू काही भरू नकोस. उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी, कारखान्यात जायला लागल्यापासून पहिल्यांदाच, ती आठ वाजेपर्यंत झोपली. कैलासवासी हेल्दुर कंबर धरून उठला, कॉफी केली आणि तिची झोप मोडू नये म्हणून कप अगदी अलगद ठेवला.