नारोपंत साळिंदराचा उखाणा आणि न उघडणारी फाईल

एका जंगलात वीज दुपारी जायची आणि इंटरनेट सकाळी. मधल्या वेळात प्राणी सुखाने नांदायचे.

त्या जंगलात, मुलांनो, नारोपंत नावाचे एक साळिंदर राहत. मनाने चांगले, पण हट्टी. कोणी 'नाही' म्हटलं की त्यांच्या अंगावरचे काटे ताठ उभे राहत. त्यांच्या घरातली एकही उशी धड नव्हती, ती त्यामुळेच.

त्यांच्या बायकोचं नाव गोदावरी. दोघांचा संसार पंचवीस वर्षांचा आणि भांडणही पंचवीस वर्षांचं. एकच भांडण, पण जपून वापरलेलं.

भांडण होतं लग्नातल्या उखाण्याचं. कुठल्याही पंगतीत बसले की नारोपंत सुरू व्हायचे, "आमच्या लग्नात मी उखाणा घेतला होता! भर पंगतीत, एका दमात! ऐका: जाळीखाली करवंदाच्या ससा घेतो वामकुक्षी, गोदावरीचं नाव घेतो, सारं जंगल आहे साक्षी!"

यावर गोदावरीबाई पानावरची मान वर न करता म्हणायच्या, "सशापर्यंत आलात. ससा झोपला आणि तुम्हीही."

"मी? मी अडखळलो?"

"अडखळलात कुठे? ठप्प झालात. कोणीतरी पुढचं सांगितलं म्हणून अब्रू वाचली."

"कोणी सांगितलं? नाव सांग ना!"

"असेल कोणीतरी," असं म्हणून गोदावरीबाई भात वाढायला उठायच्या. नारोपंतांचे काटे उभे ते उभेच.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा नारोपंतांनी साऱ्या जंगलाला रविवारी जेवायला बोलावलं. आणि भरीस भर म्हणून बायकोशी पैज लावली. "लग्नाची सीडी आहे आपल्याकडे. सगळ्यांसमोर लावतो. जो खोटा ठरेल त्याने जन्मभर भांडी घासायची!"

"कबूल," गोदावरीबाई म्हणाल्या. त्या इतक्या चटकन म्हणाल्या की नारोपंतांनी आपलीच पैज मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिली.

सीडी निघाली माळ्यावरच्या ट्रंकेतून. लग्नाचं शूटिंग एका बगळ्याने केलं होतं. एका पायावर उभा राहून करायचा, त्यामुळे चित्र अजिबात हलायचं नाही. पण त्याने भरलेल्या फाईलचा फॉरमॅट असा पुराणा, की टीव्हीने ओळखच दाखवली नाही. नारोपंतांनी ती घरच्या कॉम्प्युटरवर उतरवली. तोही म्हणाला, 'ही फाईल उघडता येत नाही.'

"सोपं आहे," शेजारचे बाबुराव मुंगूस म्हणाले. "फाईलच्या नावाच्या शेवटी टिंब असतं आणि तीन अक्षरं असतात. ती खोडायची, नव्या फॉरमॅटची लिहायची. फाईल आपोआप बदलते."

नारोपंतांनी खोडली, नवी लिहिली. कॉम्प्युटर म्हणाला, 'फाईल खराब आहे.'

आता बघा मुलांनो, मांजराने शेपटीवर पट्टे रंगवले म्हणून काही त्याचा वाघ होत नाही. जंगलात तरी हे सगळ्यांना ठाऊक असायला हवं. पण कॉम्प्युटरपुढे बसताना प्राणी आपलं शहाणपण चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवतो.

मग आला कॉम्प्युटर क्लासवाला कोल्हा. "काका, कन्व्हर्टर टाकून देतो. एकदम फुकट!"

फुकटचा पाहुणा एकटा कधी येतो का? कन्व्हर्टरबरोबर एक पत्त्यांचा खेळ आला, एक हवामान सांगणारा चौकोन आला आणि आणखी एक कोणीतरी आला, जो सारखा ओरडायचा, 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे!' नारोपंतांनी सगळ्यांना सांभाळून घेतलं आणि बटण दाबलं.

हिरवी पट्टी सरकू लागली. नव्याण्णव टक्क्यांवर येऊन बसली, ती बसलीच. मग वीज गेली, कारण दुपार झाली होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बटण, पुन्हा पट्टी. आणि अहो आश्चर्यम्! फाईल उघडली! मांडव दिसला. मुंडावळ्या बांधलेले नारोपंत दिसले. गोदावरीबाई दिसल्या, काय नाजूक होत्या! उखाण्याची वेळ आली आणि कॅमेरा हळूच वळला ओढ्याकडे. बगळाच तो. ऐन उखाण्याला पडद्यावर नुसते मासे फिरत होते.

आणि आवाज? आवाजाचा पत्ताच नाही.

"चित्र आलं ना? मग झालं!" बाबुराव म्हणाले.

"चित्र काय चाटायचंय?" नारोपंत कडाडले. "माझी अख्खी साक्ष त्या आवाजात आहे!"

मग ते हट्टालाच पेटले. फाईल मोठी करून पाहिली, लहान करून पाहिली. दर वेळी मुकीच निघाली. गोदावरीबाई चहा आणून ठेवायच्या, "उघडली का हो?" विचारायच्या आणि गार झालेला चहा परत न्यायच्या.

रविवार उजाडला. गोदावरीबाई जेवणासाठी पळसाची पानं आणायला गेल्या. नारोपंतांनी चिडून कन्व्हर्टरचं प्रत्येक बटण दाबायला सुरुवात केली. तेव्हा कोपऱ्यातला एक खण उघडला. आत लिहिलं होतं, 'आवाज घेऊ नये', आणि शेजारच्या चौकोनात बरोबरची खूण. फुकटच्या कन्व्हर्टरमध्ये ती पहिल्यापासूनच होती. यात हट्टी फाईल होती की आणखी कोणी, ते तुमचं तुम्ही ठरवा.

नारोपंतांनी खूण काढली. पट्टी सरकली. फाईल बोलली.

सनई वाजली. कोणाचं तरी पोर रडलं. मग स्वतः नारोपंतांचा खणखणीत आवाज आला, "जाळीखाली करवंदाच्या ससा घेतो वामकुक्षी..."

आणि मग काहीच नाही. पडद्यावर मासे आले, गेले. पंगतीत कोणीतरी खुदकन हसलं. तेवढ्यात अगदी जवळून एक बारीक, घाबरलेली कुजबुज ऐकू आली, "गोदावरीचं... गोदावरीचं नाव घेतो, म्हणा ना! सारं जंगल आहे साक्षी!"

लगेच नारोपंतांची गर्जना, जणू आत्ताच सुचलं! आणि टाळ्यांचा कडकडाट.

नारोपंतांनी ते पुन्हा लावलं. पुन्हा एकदा लावलं. त्यांच्या अंगावरचे काटे एकेक करून खाली बसले. नवरीने स्वतःचंच नाव नवऱ्याला सांगितलं होतं आणि पंचवीस वर्षं 'असेल कोणीतरी' म्हणून भात वाढला होता. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा मोठी माया दाटून आली. डोळे पुसावेत तर पंजाही सापडेना.

दुपारी सारं जंगल जेवून तृप्त झालं. गेलेली वीज परत येताच "सिनेमा लावा!" असा गलका झाला. नारोपंतांनी लावला. मुका.

"आवाज कुठाय?" कोल्ह्याने विचारलं.

"फाईलच हट्टी," नारोपंत म्हणाले. "आवाज देत नाही."

"पण ओठ पाहिलेत का?" बाबुराव ओरडले. "एका दमात घेतलाय उखाणा!" ओठ पडद्यावर नव्हतेच, मासे होते. तरी अर्ध्या जंगलाने माना डोलावल्या. उरलेल्या अर्ध्या जंगलाने त्या नकारार्थी हलवल्या. पैज बरोबरीत सुटली आणि मंडळी सुपारी चघळत घरी गेली.

गोदावरीबाई मागच्या ओढ्यावर गेल्या. तिथे खरकट्या भांड्यांचा ढीग, आणि ढिगापाशी राख घेऊन बसलेले नारोपंत.

"अहो, पैज तर बरोबरीत सुटली!"

"हो ना."

"मग हे काय?"

"आम्हा काटेवाल्यांना वेगळी घासणी लागत नाही," नारोपंत पातेल्यात डोकं घालून म्हणाले.

गोदावरीबाई शेजारी बसल्या आणि घासलेली भांडी विसळू लागल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "फाईल उघडली वाटतं."

"छे!" नारोपंत म्हणाले. मग हळूच विचारलं, "गोदे, ससा झोपल्यावर पुढे काय गं होतं?"

गोदावरीबाई अशा हसल्या की ओढ्यातले मासे पळाले. मग त्यांनी नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन पुढची ओळ सांगितली.

तात्पर्य: सत्य कधी लपत नाही, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. लपतं. 'आवाज घेऊ नये' या चौकोनात खूण केली की अगदी छान लपतं. फक्त त्या दिवसापासून भांडी आपण घासावीत.